पेव

हरिपूरची जुनी माणसं सांगतात,
हळदीचं पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं.
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
तो विझला नाही, तरच माणूस.

कुपवाडच्या शेडमध्ये मी पत्रा वाकवतो,
यास्मिन मुजावर फॉर्म भरते.
रकाना चौदा: तंत्रज्ञानाची सज्जता, एक ते नऊ.
मी म्हटलं, सात लिही, गळती थांबलीय.
ती म्हणाली, सात म्हणजे शेतावर चालवून दाखवलेलं.
मग सहा.

वस्तू साधी आहे.
छत्तीस आरसे, एक टाकी, जाड नळी;
उन्हाची वाफ करायची, वाफेवर हळद शिजवायची.
काहिलीखाली लाकूड नको, फाटके टायर नकोत,
बायकांच्या डोळ्यांत धूर नको.
शेवटची ओळ यास्मिननं खोडली.
वर लिहिलं: दर हंगामी उत्सर्जनात घट, टनांत.

पहिला हप्ता आला त्या दिवशी
सुरगोंडानं लेथ बंद करून भडंग आणलं.
भडंगाची पावती जोडता येत नाही.
दुसऱ्या हप्त्यातून दुसरं यंत्र करायचं,
आणि दुसरं यंत्र विकल्याशिवाय
दुसरा हप्ता सुटत नाही.
हे मी तीनदा वाचलं, चष्मा पुसून.

फेब्रुवारीत पुण्याहून समिती आली, तिघांची,
आणि नेमकं आभाळ आलं.
वाफ अशी चढली, जशी म्हातारी जिना चढते.
एकानं विचारलं, रोज ढग असले तर?
बाळगोंडा म्हणाला, थांबायचं.
नऊ महिने जमिनीत थांबलीच होती की ती.
दुसऱ्यानं विचारलं, याला बाजार आहे का?
कुणीच बोललं नाही.
तिसरे वयस्कर. त्यांनी गड्डा उचलला,
गवताची काडी टोचली. आरपार गेली.
पांढरी बाही मनगटापर्यंत पिवळी.
चंपाबाई म्हणाली, साबण लावू नका साहेब,
लाल होतंय.

अकरा महिने झाले.
योजनांचं पेव फुटलंय, पेपरात रोज एक नवी.
आमचं पत्र आलं: विचाराधीन.
सहीच्या कोपऱ्यात डाग आहे.
यास्मिन म्हणते, स्कॅनरची धूळ.
मी म्हणतो, हळद.
यावर आम्ही दोन दिवस भांडलो.

काल चंपाबाईचा फोन.
हळद काढायला आलीय, तुमचं ते भांडं आणा,
आणि हे सांगा, विकत घ्यायचं तर केवढ्याला?
एवढ्या कागदांत हा प्रश्न
असा सरळ कुणी विचारला नव्हता.
मी आकडा सांगितला,
आणि ऐकून मीच दचकलो.
पलीकडे बराच वेळ नुसता वारा,
कुठंतरी ट्रॅक्टर.
मग ती म्हणाली,
आरसे पुसायचं फडकं
त्यात धरलंय, का वेगळं?