चार आण्याची बाजू

जिनिंगच्या मागच्या पडीत वावरात
दरसाल माघात तंबू लागायचा.
पडदा मधोमध.
समोर बसायचे आठ आणे, मागे बसायचे चार.
पंचफुला आणि मी, मागे.
खाली पोतं, पोत्याला चिकटलेली सरकी,
ओच्यात भुईमुगाच्या शेंगा,
आणि जनरेटर एकदा खोकला
की अख्खं गाव श्वास धरून बसायचं.

मागून सिनेमा उलटा दिसतो
हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.
सुरुवातीची नावं वाचता यायची नाहीत,
तर पंचफुला म्हणायची, मोडीत असतीन.

त्या वर्षी आला तो त्या दोघांचा.
ती असेल सतराची. त्याची मिशी म्हणजे
कोळशानं ओढलेली एक रेघ.
दोघांनाही अजून नीट प्रेम करता येत नव्हतं,
गाणं संपलं की हात कुठे ठेवावे कळायचं नाही,
म्हणून ते आमच्यातले वाटले.
मग स्टेशनातल्या बाकावर बसून
त्यानं तिला चिठ्ठी लिहिली,
आणि लिहिली ती
डाव्या हातानं.

मी शेंग दातात तशीच धरून ठेवली.

माझ्या डाव्या हाताच्या पेरांवर
कोहळे गुरुजींच्या रुळाचे वळ होते.
माय ताटावरून तो हात झटकायची,
"त्या हातानं नाही, अवदसे."
आणि हा एवढा देखणा, शहरातला,
सगळ्या तंबूदेखत डाव्या हातानं लिहीत होता
आणि ती तेच पत्र
उशीखाली ठेवून झोपत होती.

तीन रात्री गेले.
तिसऱ्या रात्री पैसे नव्हते,
तंबूच्या उसवलेल्या शिवणीतून पाहिला,
एका डोळ्यानं,
पाठीमागे कोणाच्या तरी पऱ्हाटीच्या शेकोटीचा धूर.

सोमवारी पाटीवर पेन्सिल डावीकडेच धरली.
गुरुजींनी रूळ उचलला.
मी हात मागे घेतला नाही.
होळीपर्यंत तेच कंटाळले.

पुढे अंगणवाडीचं रजिस्टर
एकतीस वर्षं याच हातानं भरलं,
पोरांची वजनं, लसी, खिचडीचा हिशेब.
सुपरवायझर बाई म्हणायच्या,
तुमचं अक्षर मागे झुकतं हो.
झुकणारच.

लग्नानंतर कळलं की हे
त्याच तंबूत, त्याच माघात, समोर बसले होते.
आठ आण्यात. सावकारासारखे.
"थो उजव्या हातानं लिवते."
"डाव्या."
"अन् तीळ तिच्या डाव्या गालावर हाय."
"उजव्या."
तुरी सोलताना, एसटीची वाट पाहताना,
एकदा तर नणंदेच्या मांडवात
पंगत थांबवून भांडलो.
दोन लेकरं झाली, घरावर स्लॅब पडला,
तिळाचा निकाल काही लागला नाही.

मध्ये टीव्हीवर ती दोघं आली होती.
कोणी सत्कार करत होतं.
तिचे केस पांढरे, त्याच्या हातात काठी,
शाल अंगावर पडल्यावर
हात कुठे ठेवावे हे
दोघांनाही पुन्हा कळेना.
मी हसले. हे पण.

परवा नातीनं मोबाईलवर अख्खा सिनेमा लावून दिला.
स्टेशन आलं. बाक आलं.
उजवा हात.
सरळ, स्वच्छ, उजवा.

जिंकल्यावर गाव गोळा करणारा हा माणूस
एक शब्द बोलला नाही.
सुपातल्या जवसातले खडे वेचत बसला बराच वेळ.
मला वाटलं, रडू येईल;
आलं नाही, फक्त पेरं दुखल्यासारखी झाली,
पन्नास वर्षांनी.

मग हे उठले, मोरीजवळचा
दाढीचा आरसा खुंटीवरून काढला,
बाह्यांनी पुसला,
मोबाईल त्याच्यासमोर धरून म्हणाले,
"सरक तिकडं.
पाह्य बरं,
डावराच हाय थो."

एका खाटेवर दोघं,
टिचभर आरशात,
शेवटपर्यंत पाहिला.
तीळ उजव्या गालावर होता.
सगळ्यात शेवटी अक्षरं आली.
मोडीत.