मालमत्तेची सद्यस्थिती

लुसाकात, अर्थखात्याच्या तिसऱ्या मजल्यावर
नामुकोलो कर्जाची वही उघडते.
वही म्हणजे आता संगणकच,
पण एकोणीसशे नव्वदच्या आधीचं सगळं
अजून कापडी बांधणीत,
उघडलं की शिंक येते.

गुरुवारी पाहुणे येणार आहेत.
पाच माणसं, सात बॅगा
आणि एक प्रश्न, जो ते फार सौजन्याने विचारतात.
त्याआधी प्रत्येक ओळ जुळायला हवी :
मुद्दल, व्याज, थकलेल्या व्याजावरचं व्याज,
आणि अगदी कडेला, अरुंद रकान्यात,
मालमत्तेची सद्यस्थिती.

ओळ एकशे बारा.
फेरीबोट, एक. झांबेझी नदी, सेनांगाच्या खाली.
सही झाली तेव्हा नामुकोलो जन्मायची होती.
ज्या देशाने पैसे दिले
तो आता नकाशावर नाही.
त्याचे दोन झाले, आणि दोघांनी वाटून घेतलं
सैन्य, रेल्वेचे डबे, वकिलातींतल्या खुर्च्या
आणि या बोटीचं येणं :
दोन हिस्से थोरल्याला, एक धाकट्याला.
देणारा मेला.
देणं मेलं नाही.

तिला आठवतो सिताली मामा, सुकाणूवर.
इंजिनाच्या खोक्यातून एक टोपी निघाली होती,
कपाळावर परका तारा असलेली;
ती तो झोपतानाही काढत नसे.
तिसऱ्या पुरात गिअरबॉक्स गेला.
सुटा भाग डॉलरमध्येच मिळायचा,
आणि त्या वर्षी तांब्याचा भाव असा पडला
की खाणीतले लोकसुद्धा हळू बोलायला लागले.
मामा बोटीजवळ रोज जाऊन बसायचा,
टोपी घालून.
मग जाईनासा झाला.

दुपारी तिने आईला फोन लावला.
‘ती? आहे ना. वाळूत तिरकी बसलीय.
कोंबड्या रात्री इंजिनाच्या खोलीत जातात.
बाया डेकवर मासे वाळवतात,
लोखंड तापतं ना, लवकर वाळतात.
पोरं कठड्यावरून उड्या मारतात,
मगर नसेल त्या बाजूला.
का गं, परत मागतायत का ती?’
‘नाही, आई. पैसे मागतायत.’
‘मूळ किती होते?’
‘आता मागतायत त्याच्या निम्मे.’
‘आणि आपण फेडले किती?’
‘मुळाच्या दीडपट.’
आई चौथीपर्यंत शिकलेली.
‘नीट बघ,’ ती म्हणाली, ‘उलटं वाचत असशील.’
फोनमध्ये कोंबडा आरवला,
बहुधा बोटीतूनच.

खाली पार्किंगमध्ये मिसेस न्गुलुबे उभी असते,
महिनाअखेरीला कलोबा देणारी,
शंभराचे दीडशे, पगार झाला की लगेच.
सगळं खातं तिला शिव्या देतं आणि तिच्याकडेच जातं.
पण नामुकोलोचा नवरा गेला तेव्हा
ती आली, जमिनीवर बसली, भांडी घासली,
आणि दोन महिने
वहीचं नावसुद्धा काढलं नाही.
वरच्या मजल्यावर याला सवलतीचा काळ म्हणतात.
त्यासाठी अर्ज असतो, चार प्रतींत,
आणि त्याची वेगळी फी.

पाच वाजले. पंखा बंद झाला, वीज गेली असावी.
रकान्यात फक्त एक शब्द बसेल एवढीच जागा.
‘बुडीत’ लिहावं तर बोट बुडालेली नाही.
‘बंद’ लिहावं
तर मासे, कोंबड्या, ती ओली पोरं.
खिडकीपाशी जाऊन, उरलेल्या उजेडात,
तिने शाईने लिहिलं :
वापरात.

गुरुवारी पाहुण्यांतली सर्वांत तरुण मुलगी
ती ओळ दोनदा वाचून गेली.
मान डोलावली, समाधानाने बहुतेक.
मग शेजारी पेन्सिलीने,
अगदी बारीक अक्षरात
‘उत्पन्न?’ असं लिहिलं
आणि एकशे तेरावर गेली.