पत्ता

य आणि ल यांच्यामधलं ते एक
चाळीस उन्हाळे टाळत आलो.
हॉटेलात हवं ते नाही, जमेल ते मागितलं.
कुठे असता, लोक म्हणत.
ठाण्याहून निघा, सांगायचो,
खाडीचा पूल संपला की आलंच.

बायकोला आवडलेलं नाव मला झेपलं नसतं,
म्हणून जुई.
दूध पिता पिता थकायची, ओठ सुटायचे.
बालतज्ज्ञ बाईंनी तिची जीभ बोटाने उचलली,
खालचा पडदा कापला. लाल थेंब, कापूस,
लगेच आईपाशी. गटागटा.

मग माझ्याकडे पाहून: तुमचीही दाखवा.
जिभेचं टोक, पत्त्यातला बदाम.

टाके. आठ आठवडे टाळूला जीभ टेकवायची.
जुई बघत बसायची.

काल ठाणे स्टेशन. टॅक्सीवाला म्हणाला, कुठं?

ऐरोली. सेक्टर चार.
थोडा घसरला र.
बरं, तो म्हणाला, बसा.