उतार

आमच्या बोटीवर ‘दवाखाना’ असं रंगवलंय,
त्यातला ‘द’ पाण्यानं केव्हाच खाल्ला.
त्या एप्रिलात मी ‘वाखाना’तून फिरत होते.
दोन ऑक्सिमीटर, एकाला सेल नाहीत,
तापाच्या गोळ्या, आणि पत्र्याच्या पाट्या:
अंतर ठेवा.

साबरपाणीला पाटी लावायची कुठं?
दोन घरांमध्ये एक टेकडी
आणि धरण भरल्यापासून टेकडीभोवती पाणी.
हुरजी म्हणाला, बाई, आम्हाला पंचवीस वर्षं झाली
अंतर ठेवून. मागितलं नव्हतं.
पाटी त्यानं वाकवली
आणि नावेतलं पाणी उपसायला ठेवली.

आजार आला की गाव बांधायचं, ही त्यांची रीत जुनी.
शिवेवर काटे. पाहुण्यानं पलीकडेच थांबायचं.
रोगाला टोपलीत बसवून हद्दीबाहेर सोडायचं.
पण शीवच आता पाण्याखाली.
टोपली न्यायची कुठवर, यावर
म्हातारे सकाळभर बसले.
शेवटी हुरजीनं ती नावेतून मधोमध सोडली.
टोपली बुडेना.
दिवसभर टापूभोवती फिरत राहिली,
पोरं काठावरून दगड मारत राहिली.

त्याच संध्याकाळी बोंदऱ्या आला.
अंकलेश्वरहून चालत, पुढं कुणाच्या तरी नावेतून,
खोकत.
गावानं उतरू दिलं नाही. समोरच्या टेकाडावर सोडलं,
एक ताडपत्री, ज्वारी, वाळले मोह, माचिस देऊन.
मध्ये पाणी. हुरजीच्या हिशोबानं वल्ह्याचे पंधरा हात.
त्याची आई ठुमली कुणाशी बोलली नाही.
रात्री तो शेकोटी पेटवायचा, मग ही पेटवायची.
मी रजिस्टरात लिहिलं:
विलगीकरण. पुरुष. वय तेवीस.

टेकडीवर चढलं की फोनला रेंज यायची.
पारोळ्याहून माझी आई, “तठे खावाले काय शे?”
मी म्हणायचे, मासे.
कधी येशील, हे तिनं महिनाभर विचारलं नाही.

सातव्या रात्री पलीकडे उजेड नाही.
ठुमलीनं आपला विस्तव दोनदा फुंकला, मोठा केला.
मग हुरजीची नाव सोडली, वल्ह्याला फडकं गुंडाळून.
मी बोटीच्या टपावर जागी होते.
ती टेकाडाला टेकली नाही. अलीकडेच थांबली
आणि बोलायला लागली.
पावरी मला तेव्हा निम्मीच कळायची.
शेळी व्याली. छपराला पानं कमी पडली.
कुणीतरी कुणाचं जाळं फाडलं.
मधूनमधून अंधारातून खोकला,
म्हणजे ऐकत होता.
माचिस भिजली होती, एवढंच.
पहाटे तिनं नवी फेकली, चिंधीत दगड बांधून.
मी लिहिलं नाही. रजिस्टरात
रात्रभर बोलण्याचा रकाना नाही.

मग ऊन तापलं आणि पाणी उतरायला लागलं.
रोज वीतभर, कधी जास्त.
आधी चिंचेचा बुंधा वर आला,
मग कुणाच्या तरी ओट्याचे दगड,
मग सबंध खळं, शिंपल्यांनी भरलेलं.
ठुमली म्हणाली, आमचं आहे ते.
बोंदऱ्याचा बाप इथंच चुलत्याशी भांडला होता, वाट्यावरून.
बाराव्या दिवशी गुडघाभरच उरलं.
लोक माझ्याकडे आले: अंतर कमी होतंय,
त्याचं काय करायचं?
मी धडगावला फोन लावला.
साहेब म्हणाले, वरून तसं काही आलेलं नाही.

चौदाव्या सकाळी ऑक्सिमीटरवर सत्त्याण्णव.
बोंदऱ्या चिखल तुडवत निघाला
आणि खळ्यावर येऊन थांबला,
कारण ये असं कुणी म्हणालं नव्हतं.
गाव वर उभं. मीही.

पाय धू, ठुमली म्हणाली.
चारी बाजूंनी एवढं पाणी,
तरी तिनं त्याच्यासाठी
वेगळा हंडा भरून ठेवला होता.