साडेदहाची घंटा

परतवाड्याहून येणारी एस.टी.
थंडीत वीस मिनिटं उशिराच.
तिसऱ्या सेमिस्टरचा पेपर साडेदहाला,
आणि खिडक्यांना काचा नसलेल्या हॉलमध्ये
आम्ही होस्टेलवाले आधीच बसलेले,
बोटं मांडीखाली दाबून.

सकाळच्या प्रार्थनेत पेटीचा एक सूर
दमेकऱ्यासारखा ओढत राहायचा.
मला स्तोत्रं येत नव्हती, नुसते ओठ हलवायचो.
पहिला आठवडा भीती वाटली, मग सवय झाली,
मेसमधल्या सोल्यांच्या पातळ आमटीची झाली तशी.

घंटा एफ्राईम बेठेकरकडे.
सेमाडोहचा, आमच्याच वर्गातला.
फी माफ, बदल्यात दोर.

त्या दिवशी साडेदहा झाले. दहा पस्तीस.
एफ्राईम कडुनिंबाखाली,
दोर मुठीत, डोळे फाटकावर.
पेपर त्याचाही होता.
आत पर्यवेक्षक दोनदा खोकले.
प्राचार्य साळवेबाई व्हरांड्यात आल्या,
शालीतून मनगट बाहेर काढलं,
बघितलं,
आणि घड्याळाला चावी देत उभ्या राहिल्या,
जणू आठवड्याभराची राहिलेली.

मग धुक्यात दोन पिवळे दिवे.
सुलक्षणा, मागून जमुना कास्देकर,
चपला हातात, हॉल तिकीट दातांत.
तेव्हा कुठं वाजली घंटा.

रात्री शेकोटीशी विचारलं, तर म्हणे,
"दोर गारठला होता ना बे."

नाताळचा कागदी तारा
मार्चपर्यंत कडुनिंबावरच राहिला, एक टोक फाटून.
उतरवायचं काम कुणाचं,
हे काही ठरलं नव्हतं.