उशिराचा दंड

शहापूरच्या वाचनालयातून आणलेली कादंबरी.
चौदा दिवस, मग रोजचा एक रुपया.

जुनं कॉलेज, दगडी जिने,
मेणबत्तीच्या उजेडात लॅटिन घोकणारी श्रीमंत पोरं.
आमच्याकडे करंट गेला
की हेस्कॉमला फोन लावतात,
अंधारात कुणी कुणाला मारत बसत नाही.

खुनी मला साठाव्या पानावरच कळला.
सांगणारी खोटं बोलत होती, हे म्हणे रहस्य.
खोटं बोलणार नाही तर काय करेल?

मध्येच कडोलकर आठवला.
एम.ए.ला माझ्या नोट्स स्वतःच्या अक्षरात उतरवायचा
आणि कॅम्पातल्या चहाच्या गाड्यावर
मलाच शिकवायचा,
आधी 'तुला नाही झेपायचं' असं म्हणून.
मी मान हलवायची.
चहाचे पैसे मी द्यायची.
चार महिने.
नाही, दोन वर्षं.

पुढे त्याचं काय झालं, मला माहीत नाही.
धारवाडला प्राध्यापक आहे,
बायको हुबळीची,
थोरल्या मुलीला माझं नाव ठेवलंय.

पुस्तक परत केलं.
कन्नड तारखेचा शिक्का उचलत
हलगेकर बाई म्हणाल्या, कसं होतं?
अगदीच टुकार, म्हटलं, अर्ध्यातच सोडलं.

त्यांनी वही उघडली.
सव्वीस रुपये झाले.