गाजराची पुंगी

माटुंग्याच्या मार्केटात सेल्वी अक्कानं विचारलं,
हलवा का?
मी म्हटलं, नाही, क्षपण.
तिला काय कळलं कोण जाणे,
एक गाजर वर टाकलं.

शाळेत हा शब्द मला खोटारडा वाटायचा.
इलेक्ट्रॉन पदरात पडतात
आणि वहीत लिहायचं: घटलं.

घोगळेकाकांच्या उजव्या हाताची कातडी
मनगटापासून कोपरापर्यंत मेणासारखी चकाकते.
माहुलचा कारखाना, एकोणनव्वद साल,
राखाडी भुकटी, ईथर,
आणि नीट न वाळलेल्या बाटलीतला
पाण्याचा एक थेंब.
"ते हायड्राइड म्हणजे वरातीतला दारुडा.
दिसेल त्या दारावर लाथ."

माझ्या रेणूला दारं दोन.
कीटोनचं उघडायचं.
पलीकडे एस्टरचं,
तिथे कुणी रात्रपाळी करून झोपलंय
असं समजून चालायचं.

म्हणून गाजर. किसून नाही, काड्या करून.
साधं पाणी, चाळीस अंश, हलतं टेबल.
पारधे मॅडम म्हणाल्या, बघ, गाजराची पुंगी आहे.
पण ही, नाही वाजली तर,
मोडून खाता येणार नव्हती.

पहिली रात्र काहीच नाही.
दुसऱ्या रात्री खोलीभर
शाळेत विसरलेल्या डब्याचा वास.
गाजर मात्र कामाला लागलेलं.
उपटल्यावर, सोलल्यावर, चिरल्यावरही
मातीतली सवय सुटली नव्हती:
हायड्रोजन ठेवायचा तो एकाच बाजूनं,
डाव्या पायात उजवी चप्पल
आपण अंधारातही घालत नाही, तसा.

पन्नासाव्या तासाला चहाच्या गाळणीतून गाळलं.
(शेवटी थोडं इथिल ॲसिटेट लागलंच.
लपवत नाही.)
जांभळ्या दिव्याखाली प्लेट धरली.
जुना ठिपका पुसट,
त्याच्या खाली एक नवा, गोल, ठाम.
आलेखात एस्टरची रेघ जागच्या जागी.
कूससुद्धा बदललेली नाही.

एकसष्ट टक्के.
मॅडम म्हणतील, कमी आहे. आहेच.

घोगळेकाकांनी कुपी उजेडात धरली, त्याच हातानं.
"भडकत नाही?"
"नाही."
"पाणी घातलं तरी?"
"पाण्यातच तर केलंय, काका."

ते गाळणीतल्या फिकट काड्यांकडे
बराच वेळ बघत राहिले.
मग त्यांनाच विचारलं,
तेव्हा कुठे होतात गं तुम्ही?

बाजारातच होत्या.